शेजारासाठी सोडलेले दाते

स्वयंपाकघरात नळ वाहत राहिला. कादंबरी सिंकपाशी पाठमोरी उभी होती. तिच्या हातातले तांदूळ केव्हाच धुऊन झाले होते, पाणी निवळ येत होतं, तरी ती ते ओतत होती आणि पुन्हा भरत होती. गराजमध्ये उघडणाऱ्या दारात वडिलांचं सामान आवरायला आलेली तिची मुलगी सिया थांबली होती, हातात खोकी चिकटवायच्या टेपचं रीळ घेऊन, आपण बोललो ते हवेतून परत उचलून घेता येईल का याचा अंदाज घेत. आणि टेबलापाशी खुर्चीत वीणा. तिने आत्ताच नकाशाची गुंडाळी उलगडली होती. एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, दुसऱ्यावर मोबाइल, तिसऱ्यावर चष्म्याचं घर, आणि चौथा कोपरा तिने तळहाताने दाबून धरला होता. तो हात तिथेच राहिला. हात उचलला तर कागद मिटेल, एवढंच तिला त्या वेळी कळत होतं.

"पण मॉम, यू टोल्ड मावशी, राइट?" सियाने विचारलं होतं. "दॅट यू सोल्ड द लॉट?"

वाक्य इतकं साधं होतं की वीणाच्या मनाने ते प्रथम घेतलंच नाही. तिची नजर खिडकीबाहेर गेली. समोरच्या टाउनहाउसच्या दर्शनी भिंतीवर चिकटवलेला दगड, बोटभर जाडीचा, कारखान्यात ओतलेला, दर चार हातांवर तोच तो डाग, तीच ती खोक. अमेरिकेतल्या या कॅरी गावात राहायला आल्यापासून ती हा दगड पाहत होती आणि दर वेळी तिला त्याची लाज वाटत होती, एखाद्या नातलगाच्या केसांच्या टोपाची वाटावी तशी. आज वाटली नाही. आज तो दगड तिला प्रामाणिक वाटला. आपण कातडी आहोत, मागे लाकडाच्या फळ्या आहेत आणि त्यांच्या मागे कापूस भरलेला आहे, हे तो कुणापासून लपवत नव्हता. मग कुठेतरी छातीच्या खाली, भूक लागते त्या जागी, ते वाक्य पोचलं. प्लॉट विकला. कादंबरीने तिचा प्लॉट विकला. म्हणजे वीणाच्या घराला लागून असलेला, वीणाच्या भिंतीच्या पलीकडचा, ज्या जमिनीवर या टेबलावरच्या नकाशातलं घर उभं राहायचं होतं तो.

हाताखालचा कागद किंचित ओलसर झाला होता. नकाशात दोन घरं होती, एकमेकांना पाठ लावून बसलेल्या दोन बहिणींसारखी, आणि मधे एकच भिंत. तिच्या मधोमध बारीक तुटक रेघ, कायद्याने आखलेली, अर्धी भिंत तुझी अर्धी माझी. उजवं घर बांधून झालं होतं आणि श्रावणापासून वीणा त्यात राहत होती. डावं घर कादंबरी निवृत्त झाली की उठणार होतं. आज ती फक्त एक खिडकी दाखवायला आली होती: कादंबरीच्या स्वयंपाकघराची खिडकी तिने हातभर पूर्वेला सरकवली होती, कारण कादंबरीला सकाळी ओट्यावर ऊन लागतं. हे तिला पुण्याच्या होस्टेलपासून माहीत होतं. कादंबरीबद्दल आपल्याला काय काय माहीत आहे याची तिला आजवर कधी मोजदाद करावीशी वाटली नव्हती. जे आपलंच आहे ते कोण मोजतं?

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षानंतरच्या त्या उन्हाळ्यात दोघी इंग्लंडमधल्या एका खेड्यात महिनाभर राहिल्या होत्या. जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे काढायचं शिबिर होतं. एका उतरत्या गल्लीत एकाला एक लागून उभी असलेली जुनी दगडी घरं, कोणी म्हणे चारशे वर्षांची, कोणी म्हणे तीनशे. दगड मधाच्या रंगाचा, आणि जवळ जाऊन पाहिलं तर त्यात समुद्रातले शिंपले अडकलेले. छपरंसुद्धा दगडी पातळ कौलांची, खाली मोठी, वर चढत लहान लहान होत गेलेली, माशाच्या खवल्यांसारखी, म्हणजे जड तेवढं भिंतीवर येतं आणि माथ्याला हलकं उरतं. खिडक्यांना लाकडाची चौकट नव्हती, दगडाचेच उभे दांडे होते, आणि वर दगडाचीच एक भुवई, पाणी बाजूला उडवणारी. वीणा कागदावर उतरवायची. मोजायच्या टेपचं दुसरं टोक कादंबरीच्या हातात. कादंबरी आकडे ओरडून सांगायची आणि मधूनच गप्प व्हायची. ती गप्प झाली की तिला काहीतरी दिसलेलं असायचं. वीणाला रेघ येत होती, कादंबरीला नजर होती. सगळे तेव्हा म्हणायचे, या दोघी मिळून एक आर्किटेक्ट आहेत. पुढे राजेशशी लग्न करून कादंबरी अमेरिकेत आली, मुलगी झाली, औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीत शिरली, आणि ती नजर तिने कुठे ठेवून दिली कोण जाणे. वीणा दहा वर्षांनी आली, एकटी, तिच्यामागोमाग. कादंबरी आहे म्हणून या गावात. दुसरं कारण नव्हतंच.

त्या गल्लीतल्या तिसऱ्या आणि चौथ्या घरांच्या मधे कादंबरी एकदा अशीच गप्प झाली होती. वीणाने संपूर्ण रांग एका हाताने एका काळी बांधलेली म्हणून काढली होती. दगड तोच, थर तेच, कौलांची उतरण तीच. कादंबरीने बोट ठेवून वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ दाखवली. दोन घरांमधली फट. तिथे एकाही थरात एकाचा दगड दुसऱ्यात शिरला नव्हता. "हे जोडलेले नाहीत गं," ती म्हणाली, "नुसते टेकलेत." आणि त्यानंतर तिने वीणाला रांगेचं शेवटचं टोक दाखवायला नेलं. तिथे उलटं होतं. शेवटच्या घराच्या कडेला, पुढच्या आणि मागच्या कोपऱ्यात, एक आड एक दगड भिंतीबाहेर काढून ठेवलेला होता, वीतभर, पायथ्यापासून वळचणीपर्यंत. आपल्याकडचे गवंडी त्याला दाते म्हणतात. पुढेमागे शेजारी येईल, त्याच्या भिंतीचे दगड या दातांत बसतील, दोन घरं एकजीव होतील, म्हणून बांधणाऱ्याने सोय करून ठेवलेली. शेजारी आला नव्हता. तीनचारशे वर्षं ते दगड कुरणाकडे तोंड करून तसेच बाहेर होते, त्यांच्यावर शेवाळ होतं, एका दातावर कुणीतरी पाण्याची बशी ठेवली होती पाखरांसाठी. त्या घरात एक म्हातारी बाई राहायची. तिने त्यांना चहा दिला, आणि सांगितलं की अलीकडच्या घरातली मैत्रीण रोज सकाळी चुलाण्याच्या मागच्या भिंतीवर लोखंडी सळईने दोनदा ठोकते, मी दोनदा ठोकते, की झाला दिवस सुरू. बाहेर पडल्यावर वीणा म्हणाली होती, "आपण असं घर बांधू. म्हातारपणी." कादंबरी हसली होती. "बरं," ती म्हणाली होती. त्या एका शब्दावर वीणाने किती मजले चढवले.

नळ बंद झाला. भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, तो फार मोठा वाटला.

"आय'ल बी इन द गराज," सिया म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही अशी, आणि दार अर्धवट लोटून गेली. पलीकडे टेप फाडल्याचा करकर आवाज सुरू झाला.

"तुला सांगणारच होते मी," कादंबरी म्हणाली. अजून पाठमोरी.

"कधी?"

"आज. जेवण झाल्यावर."

"कोणत्या सालचं जेवण?"

"वीणा, असं नको ना बोलू यार."

"मग कसं बोलू? तू शिकव. मी इतकी वर्षं तुझ्याशी कसं बोलत होते तेच मला आठवत नाहीये." वीणाचा आवाज तिला स्वतःला अनोळखी वाटला, कोरडा, एखाद्या सभेत मुद्दा मांडणाऱ्या बाईचा. "कुणाला दिलास?"

"आहे एक कपल. तू नाही ओळखत. एजंटने आणले होते." कादंबरीने ओट्यावरचं फडकं उचललं आणि कोरडीच असलेली जागा पुसली. "त्यांना तिथे घर नाही बांधायचंय. त्यांचं मागच्या गल्लीत घर आहे. त्यांना पूल करायचाय."

"काय?"

"स्विमिंग पूल गं. आणि बाजूला थोडा डेक."

वीणाला हसू आलं. पोहण्याचा तलाव. निळा, क्लोरीनचा वास मारणारा, प्लॅस्टिकच्या बदकांचा. तिची भिंत त्याच्या कडेला उभी राहणार, पंचवीस फूट उंच, बिनखिडकीची. त्या बाजूला तिने एकही खिडकी ठेवली नव्हती. पश्चिम होती ती. दुपारचं सगळं ऊन, पाइनच्या झाडांतून तिरकं येणारं, संध्याकाळचा सगळा उजेड तिने बाहेर ठेवला, कारण त्या बाजूला बाहेर नव्हतंच, कादंबरी होती. आतल्या भिंतीला खिडकी कोण ठेवतं? आणि आतली भिंत म्हणून तिला ना पाणी उतरवायला पोकळी, ना बाहेरून लेप, ना वर पुढे आलेलं छप्पर. ठेकेदार दोनदा म्हणाला होता की दुसरं घर होईपर्यंत निदान तात्पुरतं काही करू. वीणाने मान हलवली नव्हती. तिला ते अपशकुनासारखं वाटलं होतं. टेनेसीहून खरा दगड मागवून, इथे कुणी करत नाही तशी दोन हात जाडीची भिंत तिने घातली, आणि दोन्ही कोपऱ्यांत, पायथ्यापासून वळचणीपर्यंत, दाते सोडले. दुसऱ्या कुणी केली असती ही चूक? शिकलेल्या, पंचवीस वर्षं दुसऱ्यांची घरं काढणाऱ्या बाईने घराची आतली बाजू उघड्यावर उभी केली होती, एका होकाराच्या भरवशावर.

मागच्या महिन्यात वादळाच्या पावसानंतर तिच्या झोपायच्या खोलीत त्या भिंतीवर ओल आली होती. नकाशातल्या एखाद्या बेटाच्या आकाराची. तिने हौसेने फोटो काढून कादंबरीला पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, बघ, तुझं घर मागतेय माझी भिंत. कादंबरीचं उत्तर लगेच आलं होतं. थोडे दिवस ताडपत्री लाव. तेव्हा वीणाला त्यात काळजी दिसली होती. आता तेच शब्द डोळ्यांपुढे आले आणि तिच्या अंगावर शहारा आला, एखाद्या खोलीत आपण एकटेच आहोत असं समजून कपडे बदलावेत आणि नंतर कळावं की कोपऱ्यात कुणीतरी बसलेलं होतं, तसा.

"ताडपत्री," ती म्हणाली.

कादंबरी वळली. तिचा चेहरा थकलेला होता, पण त्यावर अपराध नव्हता, निदान वीणाला ओळखू येईल असा नव्हता. "मग काय लिहायला हवं होतं मी? फोनवर, मेसेजमध्ये सांगू, की ओल येणारच, कारण मी येणार नाहीये?"

"हो. तसंच लिहायचं."

"तुला सोपं वाटतं."

"नाही वाटत. मी भिंत बांधली कादंबरी. तू एक वाक्य बोलायचं होतंस."

"मी एक वाक्य बोलायचं?" आता कादंबरीचा आवाज चढला, आणि त्यात पुण्याची ती जुनी धार आली, जी वीणाला एकेकाळी आवडायची. "तू कधी जागा ठेवलीस का मला वाक्य बोलायला? तू विचारलंस कधी? दर रविवारी यायचीस ही गुंडाळी घेऊन. कादंबरी, तुझा जिना इथे. कादंबरी, तुझं बाथरूम इकडे, गुडघ्यांना बरं पडेल. अगं, माझं बाथरूम! माझे गुडघे! राजेश गेला त्याच्या तेराव्याला तू मला ओट्याची उंची विचारलीस."

"तुला रमवायला विचारली. तू जेवत नव्हतीस."

"माहितेय मला. म्हणूनच सांगितली उंची." तिने फडकं हातातल्या हातात फिरवलं. "सिया म्हणते, टेक्ससला आमच्याकडे ये, प्लेनोला. त्यांचं घर एवढं मोठं आहे, खाली वेगळी खोली, वेगळं दार. जावयाची, देवचीही काही हरकत नाही. मला नातवंडं बघायचीत वीणा, कधी झाली तर. मला भिंतीवर ठोकून कुणी जिवंत आहे का ते विचारत बसायचं नाहीये."

तर तिला ते आठवत होतं. ती म्हातारी, ती सळई, ते चुलाणं. वीणाला वाटलं होतं की ती गोष्ट दोघींच्या मधोमध कुठेतरी आहे, त्या तुटक रेघेवर, आणि कुणीच तिला हात लावत नाही कारण ती दोघींना सारखीच प्रिय आहे. कादंबरीला ती भयाण वाटली होती. त्या दुपारी चहा पिताना, म्हातारी कौतुकाने सांगत असताना, वीणा डोळे मोठे करून ऐकत असताना, शेजारी बसलेल्या मुलीच्या मनात काय चाललं होतं? दोन बायका, मधे एक भिंत, आणि रोज सकाळी एकीचं दुसरीला विचारणं, मेलीस का. एकाच जोडीच्या कपबशांतून प्यायलेला चहा आणि दोन वेगळ्या दुपारी. वीणाला आपण इतकी वर्षं एका माणसाशी नाही, त्याच्या होकाराशी बोलत होतो असं वाटू लागलं, आणि त्याच वेळी हेही वाटलं की हा विचार फार सोयीचा आहे, कादंबरीच्या सोयीचा. तो कादंबरीने तिच्या हातात ठेवला होता आणि ती तो मुकाट्याने घेत होती. न विचारणं हा गुन्हा असेल. पण विचारलं नाही म्हणून खोटं बोलायची परवानगी कुणी दिली?

दार ढकलून सिया आत आली. तिला मार्कर हवा होता. तो फ्रिजवर होता. तो घेऊन ती जाणार होती, पण वीणाकडे पाहून थांबली. लहानपणी ताप आला की ती वीणामावशीकडेच झोपायची.

"मावशी, आय'म सो सॉरी. आय थॉट यू न्यू." मग आईची बाजू घेण्याची तिला घाई झाली. "पण तिला खूप हार्ड गेलं, रियली. क्लोजिंगच्या दिवशी, साइन करून आल्यावर, शी क्राइड द होल आफ्टरनून. मी फोनवरच होते. देव ट्रॅव्हल करत होता, व्हॅलेंटाइन्स डेला. आय वॉज अलोन, शी वॉज अलोन, वी बोथ जस्ट क्राइड."

"सिया," कादंबरी म्हणाली.

"व्हॉट? आय'म हेल्पिंग यू."

"जा तू. बाकीची खोकी बघ."

सिया गेली. दार या वेळी नीट लागलं. वीणाने नकाशावरचा हात उचलला. कागद मिटला नाही, नुसता कोपऱ्यात थोडा वर आला आणि तसाच राहिला. फेब्रुवारी. ती मनात फेब्रुवारीच्या भोवती फिरली, जिथे शिरायचं नाही अशा घराभोवती फिरावं तशी. फेब्रुवारीत भिंत नव्हती. फेब्रुवारीत फक्त पाया होता आणि चिखल, आणि दगड अजून ट्रकमधून उतरायचा होता. भिंत चढली ती मार्चच्या शेवटी, पाइनचा पिवळा पराग सगळीकडे साचला होता तेव्हा, गाड्यांवर, पायऱ्यांवर, गवंड्यांच्या टोप्यांवर. एका शनिवारी भिंत खांद्यापर्यंत आली होती. कादंबरी थर्मासमधून चहा घेऊन आली. कामगार जेवायला गेले होते. ती चिखलातून वाट काढत पलीकडे गेली, आपल्या जमिनीवर. वीणाला वाटलं होतं ती दगड बघायला गेली, नजर परत आली तिची. कादंबरीने भिंतीला पाठ लावली. हळूहळू, आधी खांदे, मग डोकं, मागे कलतं करून वरच्या थरावर. तिने डोळे मिटले. "इथे माझी खुर्ची," ती म्हणाली. "इथून उठायचंच नाही." बराच वेळ ती तशी उभी होती आणि वीणा भिंतीच्या या बाजूला, तिच्या डोक्यामागच्या दगडावर तळहात ठेवून. आयुष्यात आपल्याला मागितलेलं काहीतरी मिळालं असं तिला त्या दिवशी वाटलं होतं, फक्त त्या एका दिवशी. निघताना कादंबरीच्या पाठीवर चुना आणि पिवळा पराग लागला होता. वीणाने तो झटकला होता. हातांनी, पुन्हा पुन्हा, लहान मुलाचा झटकावा तसा, आणि कादंबरी मान खाली घालून उभी राहिली होती, झटकून घेत.

घर न मिळणं सोसता आलं असतं. ओलही सोसता आली असती, आणि तो निळा तलावसुद्धा. माणसं विचार बदलतात, मुलींकडे जातात, गुडघे आपापल्या वाटेने दुखतात. पण तो शनिवार वीणाजवळ होता. तो तिच्याजवळ असलेल्या फार थोड्या गोष्टींपैकी एक होता, आणि आता तिला कळत नव्हतं की तो ठेवायचा की नाही. ती दया होती? निरोप होता, वीणाला न कळवता घेतलेला? की नुसता कंटाळा, एका हट्टी मैत्रिणीचा अजून एक रविवार टाळण्यासाठी केलेलं सोपं नाटक? की डोळे मिटून उभं असताना कादंबरीला खरंच तिथे बसावंसं वाटलं होतं, सही करून झाल्यावर, उशिरा?

"कादंबरी," वीणा म्हणाली. तिचा आवाज आता पुन्हा तिचा होता. "प्लॉटचं राहू दे. त्याचं मला काही नको सांगू. भिंत चढत होती त्या शनिवारी तू चहा घेऊन आलीस. पलीकडे जाऊन भिंतीला टेकलीस. मला म्हणालीस, इथे माझी खुर्ची."

कादंबरीने फडक्याची घडी घातली.

"तेव्हा सही होऊन महिना उलटला होता. तू न येतीस तरी चाललं असतं. आलीस तर नुसता चहा देऊन गेली असतीस तरी चाललं असतं. कुणी बोलावलं नव्हतं तुला. मग ते कशाला केलंस? मला फक्त एवढंच सांग. खरं काय असेल ते. वाईट असलं तरी चालेल. ते कशाला केलंस?"

कादंबरीने तिच्याकडे पाहिलं. पाहणं लांबलं, ओठ एकदा किंचित उघडले, आणि वीणा खुर्चीत पुढे झाली. मग गराजमधून सियाची हाक आली, मोठ्याने, भिंतीपलीकडून येते तशी, "मॉम, डॅडचे शूज, डोनेट की कीप?" कादंबरीने घडी घातलेलं फडकं ओट्यावर ठेवलं, त्याची कड ओट्याच्या कडेला नीट जुळवली, टेबलाला वळसा घालून वीणाच्या खुर्चीमागून गेली, आणि दार उघडून गराजमध्ये निघून गेली.